चार दिवसांची जत्रा, बारा महिन्यांचे पोट

नवरात्राचे घट उठले की आमच्या करवीर नगरीत प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनात, आसपासच्या मैदानांवर, मंगल कार्यालयांच्या दालनांतून आज हातमागाची लुगडी, उद्या सावंतवाडीची लाकडी खेळणी, परवा बचतगटांच्या भगिनींनी केलेल्या गोधड्या आणि चटण्या असा क्रम दिवाळीपर्यंत व पुढे संक्रांतीपर्यंत चालतो. घरातील लेकीसुना, नातवंडे आणि पेन्शनर मंडळी सायंकाळी फेरफटका म्हणून तेथे जातात, आणि सहसा रिकाम्या हातांनी परतत नाहीत. ह्या संदर्भात आमच्या एका वाचक भगिनीने पत्राने विचारले आहे की, अशा ठिकाणी केलेल्या खरेदीने कारागिराचे खरोखर हित होते, की केवळ आपल्याच मनाचे समाधान होते? प्रश्न सरळ आहे आणि त्यास सरळ उत्तर देणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रदर्शने वाईट आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कारागीर आणि गिऱ्हाईक ह्यांची समोरासमोर गाठ पडावी, मधला दलाल काही काळ तरी बाजूस सरावा, हा हेतू उत्तमच होय. दिल्लीस १९९४ साली ‘दिल्ली हाट’ उघडला, त्यात कारागिरांस पाळीपाळीने थोड्या दिवसांकरिता माफक भाड्याने जागा देण्याची सोय झाली, आणि देशोदेशींच्या लोकांनी तो पाहिला. मुंबईस ‘महालक्ष्मी सरस’ भरते, पुण्यास हिवाळ्यात ‘भीमथडी जत्रा’ भरते. दोहोंत खेड्यापाड्यांतील स्त्रियांस शहरातील गिऱ्हाईक पाहावयास मिळते. ज्या बाईने आपला माल गावच्या आठवडे बाजारापलीकडे कधी नेला नाही, तिला भाव कसा सांगावा, हिशेब कसा ठेवावा, हे शिकविणारी ती एक शाळाच आहे. आमच्या कोल्हापुरात श्रीमती कांचन परुळेकर ह्यांनी १९९२ साली स्थापिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ संस्थेने तर हेच शिक्षण प्रदर्शनाच्या आधीपासून देण्याचा उद्योग आरंभिला, आणि त्याचे महत्त्व आमच्या मते प्रदर्शनाहून अधिक आहे.

परंतु प्रदर्शन म्हणजे ओळख, संसार नव्हे. मागील हिवाळ्यात एका प्रदर्शनात कोल्हापुरी चप्पल घेऊन बसलेल्या एका वयस्क कारागिराशी आम्ही बराच वेळ बोलत उभे होतो. विक्री कशी काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, चार दिस लई लोक येत्यात. जोड हातात घेत्यात, वास घेत्यात, फोटू काढत्यात. निम्मं लोक घेत्यात बी, खोटं कशाला बोलू? पन पाचव्या दिशी मी आनि माजी बायको परत सुभाषनगरात. तवा घर कुठं हाय म्हनून कोन इचारतंय का?” मुलाविषयी विचारले, तर तो गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लागला आहे, असे त्यांनी सांगितले, आणि सांगताना त्यांच्या स्वरात खेदापेक्षा सुटकेचाच भाव अधिक होता. “म्हैन्याच्या म्हैन्याला पगार येतुया,” एवढेच ते म्हणाले.

ह्या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आले. ते नीट कळावयास हवे तर चप्पल कशी होते हे आधी पाहिले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांनी ती जन्मभर वापरली आहे. पण ती होते कशी हे फार थोड्यांनी पाहिले असेल.

खऱ्या कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या पाण्यात कमावलेले असते. रासायनिक कमावणीला जेथे घाई असते, तेथे ह्या जुन्या रीतीला आठवडेच्या आठवडे लागतात. म्हणून ते कातडे जाड, टणक आणि कालांतराने पायाच्या आकाराचे होणारे निघते. तळास बहुधा म्हशीचे कातडे, वरच्या नाजूक कामास बकऱ्याचे. पूर्वी हे कमावण्याचे काम जिल्ह्यातच गावोगावी होत असे. आता ते पुष्कळसे नष्ट झाले असून कमावलेले कातडे बव्हंशी चेन्नईकडून येते. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत विस्तारल्यावर कातड्याची ओढ आणखी वाढली. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे कर्तव्य नाही. कारागिराच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोहोचली एवढेच नमूद करतो. पुढे कातडे भिजवणे, ठोकणे, रापीने बेतणे, आरीने भोके पाडणे, थरावर थर बसवून वादीने शिवणे. खिळा कोठेही नाही. मग अंगठा, कान, पट्टा, गोंडा. पट्ट्यावरील बारीक वेण्या आणि नक्षीची टिंबे हे काम बहुतेक घरांत स्त्रियाच करतात. दुपारी स्वयंपाक आवरून उजेडाला दाराशी बसून त्या ज्या वेण्या विणतात, त्या इतक्या एकसारख्या असतात की, यंत्राचे काम आहे असा नवख्यास भ्रम व्हावा. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाळी अशी जोडांची निरनिराळी नावे आहेत. काही घाटावरून, काही गावावरून पडली.

आता हिशेब पाहा. समजा, एखाद्या कुटुंबास प्रदर्शनाकरिता चाळीस जोड सिद्ध करावयाचे आहेत. त्याचे कातडे महिना-दोन महिने आधी घ्यावे लागते. रोख नसल्यास व्यापारी उधार देतो. पण उधार देणाराच दर ठरवितो, हे सांगावयास नको. घरातील सर्व माणसे तेवढा काळ त्याच कामास जुंपली जातात, म्हणजे दुकानदाराची नेहमीची मजुरी तितकी बुडाली. मग ठेल्याचे भाडे, प्रवास, परगावी असल्यास राहण्याजेवणाचा खर्च. चाळीसांपैकी पंचवीस जोड खपले तर आपण म्हणतो, काय झकास विक्री झाली! परंतु उरलेल्या पंधरांतच त्या कुटुंबाचा सगळा नफा अडकलेला असतो. आणि ते पंधरा जोड पुढील प्रदर्शनापर्यंत ठेवावे, तर मध्ये पावसाळा येतो. कोल्हापूरचा पाऊस वाचकांस ठाऊक आहेच. नैसर्गिक रीतीने कमावलेल्या कातड्यास ओल सोसत नाही, त्यावर बुरशी धरते; शिवाय त्या चार महिन्यांत ही चप्पल कोणी घेतही नाही. म्हणून श्रावणात कारागीर मिळेल त्या भावाने माल दुकानात टाकून मोकळा होतो. दुकानाच्या पाटीवर दुकानदाराचे नाव असते. जोडावर कोणाचेच नसते.

हे नावाचे प्रकरण साधे नाही. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान नगरीत ‘प्राडा’ नामक जगद्विख्यात पेढीने आपल्या नव्या पोशाखांच्या मिरवणुकीत पुरुषांच्या पायांत जे वहाण घातले, ते पाहून कोल्हापुरातील शेंबड्या पोरानेही ते ओळखले असते. पण पेढीने त्यास केवळ चामड्याची सपाट चप्पल म्हटले. कोल्हापूरचा उल्लेख नाही. येथे मोठा गहजब झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पेढीस पत्र लिहिले, आणि मग पेढीने मान्य केले की, होय, ही प्रेरणा भारतातील हस्तकलेची आहे. जुलैमध्ये त्यांची माणसे कोल्हापुरास येऊन पाहून गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटक ह्या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार सुमारे २००० जोड भारतीय कारागिरांच्या हातून करवून घ्यावयाचे, आणि जोडी सुमारे ८०० युरोंस विकावयाची, असे ठरले.

ह्यात आनंद मानण्याजोगे पुष्कळ आहे. ज्या वस्तूस आपण घरात ‘वहाण’ म्हणून कोपऱ्यात लोटतो, तिच्यासाठी परदेशी धनिक एवढी किंमत मोजतील ही गोष्ट कारागिराची मान उंच करणारी आहे. तथापि २००० जोड म्हणजेही शेवटी एक मोठे प्रदर्शनच! ते संपले म्हणजे सुभाषनगरातील पाचवा दिवस उजाडणारच आहे. वर्तमानपत्रांतून मिलानवर रागावलेल्या आमच्या सुशिक्षित बंधूंपैकी कितीजणांस आपल्या पायातील जोड कोणाच्या हातचा आहे हे सांगता येईल?

कारागिरास पाचव्या दिवशी काय हवे असते? भांडवल हवे, नियमित मागणी हवी, आणि समाजात पत हवी. ही तिन्ही त्यास एकत्र लाभत, असे आपल्याच भूमीवर एके काळी घडले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात ह्याचा इ.स. च्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा लेख आहे. त्यात त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींत कायम ठेव म्हणून ठेविल्याचे नमूद केले आहे. पैकी २००० एका श्रेणीत दरमहा शेकडा एक ह्या दराने, आणि १००० दुसरीत दरमहा शेकडा पाऊण ह्या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. वाचकांनी गणित करून पाहावे. वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंस बरोबर पुरते.

संस्कृत ग्रंथांतून ‘श्रेणी’ हा शब्द आम्ही वर्गात शेकडो वेळा शिकविला, पण ह्या शिलालेखाइतका त्याचा अर्थ दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही. येथे राजाचा जावई कोष्ट्यांस कर्ज देत नाही. तो आपला पैसा त्यांच्याकडे विश्वासाने ठेवतो. कारागिरांचा संघ हीच त्या काळची पेढी होती. मूळ रक्कम मोडावयाची नाही, म्हणजे श्रेणीच्या हाती भांडवल कायमचे आले. आज २०२३ पासून केंद्र सरकारची ‘विश्वकर्मा’ योजना चालू आहे. तिच्यात चर्मकारांसह १८ व्यवसायांतील कारागिरांस प्रथम एक लाखापर्यंत व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, तारणावाचून, सालिना शेकडा ५ व्याजाने मिळण्याची तरतूद आहे. हे स्तुत्यच होय. पण हे कर्ज एकेकट्या माणसास मिळते. श्रेणी त्यामुळे उभी राहत नाही. ती उभी राहू शकते ह्याचे उदाहरण फार दूरचे नाही. बेळगाव जिल्ह्यातील अथणी येथे गेल्या शतकाच्या अखेरीस चर्मकार स्त्रियांचे बचतगट एकत्र बांधून ‘टो-होल्ड’ नावाने त्यांचा संघ करण्यात आला. वेण्या घालणाऱ्या बायका त्यात मजूर न राहता भागीदार झाल्या आणि त्यांचा माल परदेशी पोहोचला. सीमेच्या पलीकडे झाले म्हणून ते आपले नव्हे, असे कोणी मानू नये. २०१९ साली ह्या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले तेही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ह्यांस आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर ह्यांस मिळून. कातड्यास भाषावार प्रांतरचना ठाऊक नाही.

राहिली पत. येथे मात्र आम्हां ब्राह्मण कुटुंबांस स्पष्ट बोलणे भाग आहे. जोडा आपण उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो, त्यात गैर काही नाही. पण जोड्याबरोबर तो करणाऱ्यासही आपण पिढ्यानपिढ्या उंबऱ्याबाहेर ठेविले. कातडे कमावणारा, शिवणारा हा समाज गावकुसाशी राहिला, त्याच्या हातचे वहाण चालले आणि पाणी चालले नाही. आज ‘हस्तकला’ हा गोड शब्द सर्वांच्या तोंडी आहे, आणि प्रदर्शनात आपण त्या हातांचे कौतुकही करतो. परंतु ह्या धंद्यातील पुष्कळ तरुण तो सोडू पाहतात, ते केवळ पैसा कमी म्हणून नव्हे. धंद्याबरोबर आलेला अवमानही त्यांना टाकावयाचा असतो. हे ज्यास कळले नाही त्याने ‘कला लोप पावत आहे’ म्हणून हळहळू नये.

ह्याच गावात त्यावर उपाय एका राजाने करून दाखविला आहे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे ह्यांस स्पृश्यांच्या पाण्याच्या हौदास शिवले म्हणून मार बसला. महाराजांनी अपराध्यांस शासन केले, आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा काढावयास भांडवल दिले. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल घातले. गोष्ट येथेच संपती तर तीही एक सरकारी योजनाच ठरती. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? म्हणून महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या दरबारी मंडळींसही घ्यावयास लावू लागले. भांडवल एकदा दिले; गिऱ्हाईकी मात्र पुन्हा पुन्हा दिली. छोट्या व्यावसायिकास आधार देणे म्हणजे काय, ह्याचे ह्याहून नेमके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपण राजे नव्हे. पण एका एकत्र कुटुंबास वर्षात दहाबारा जोड सहज लागतात, आणि एका भगिनी मंडळात किंवा भिशीत वीस-पंचवीस कुटुंबे असतात. त्यांनी मिळून प्रदर्शनाची वाट न पाहता एका कारागीर कुटुंबास वर्षाची मागणी ठरवून द्यावी, पायांची मापे कागदावर उतरवून द्यावी, आणि निम्मी रक्कम श्रावणातच आगाऊ द्यावी. ओल असली तरी वेण्या विणणे, पट्ट्यांवर टिंबे पाडणे ही कामे घरात बसून होतात. आणि दसऱ्याचा माल करावयास ज्या दिवसांत त्याच्या हाती पैसा नसतो, नेमके तेच दिवस ते असतात. एवढ्याने त्यास उधारीच्या कातड्यापासून मुक्ती मिळते. उषवदाताने जे ३००० कार्षापणांनी केले, ते आपण भिशीच्या एका पाळीने करू शकतो.

भावाविषयीही एक शब्द. सराफाकडे घडणावळीत घासाघीस करताना आपण लाजतो आणि चप्पलवाल्यापाशी शंभर रुपयांसाठी अर्धा तास खर्च करतो, ही आमच्या घरोघरची रीत फार जुनी आहे. कारागीर थेट विकत असेल तर भाव पाडून मागू नये. दुकानात मात्र अवश्य चौकशी करावी. कारण बाहेरगावची यंत्रावर केलेली, रेक्झिनची चप्पलही कोल्हापुरी म्हणून सर्रास खपते. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने जोडांवर क्यूआर खूण लावण्यास आरंभ केला आहे. ती मोबाईलवर टिपली असता करणाराचे नाव, ठिकाण आणि वापरलेला माल समजतो. आपल्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलांस हे काम सांगावे. ती आनंदाने करतील. खूण नसल्यास तोंडाने विचारावे: कोणाच्या घरचा जोड? वेण्या कोणी घातल्या?

आता ज्या भगिनीने पत्र लिहिले तिच्या घरच्या जोडांविषयी थोडे. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. आतून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे आणि घरातल्या घरात थोडा थोडा वेळ घालावी. पावसात घालू नये. भिजलीच तर विस्तवाजवळ किंवा कडक उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी, नाहीतर कातडे तडकते. शिवण वादीची असल्यामुळे ती उसवून पुन्हा घालता येते; म्हणून टाच झिजली की चप्पल टाकून न देता ज्याने केली त्याच्याकडेच न्यावी, आणि मजुरी सांगेल ती द्यावी. तळ नवा बसवावयाचा असेल तर आषाढ-श्रावणातच नेऊन टाकणे बरे. त्या दिवसांत त्यांच्या हातास काम कमी असते, आणि आपल्यासही तेव्हा ती चप्पल लागत नाही.